भोंग्यातून गायल्यासारखा आवाज घरच्या रेकॉर्डिंगमध्ये कसा आणायचा?

बोरीकाठचा (धागाकर्ता)
मंडळी, एक अहिराणी गाणं घरीच रेकॉर्ड करतोय. शब्द दाजींचे, चाल माझी, गाणारही दाजीच. पहिलं कडवं असं वाजायला हवं की गावात कानबाई (खानदेशातली देवी) बसलीय, निंबाला भोंगा बांधलाय आणि कुणीतरी माईक हातात घेऊन गातंय. दुसऱ्या कडव्यापासून आवाज स्वच्छ, मोकळा. हा बदल जमला तरच गाणं उभं राहील.

सामान: एसएम ५८ माईक, माईक लॅपटॉपला जोडायचं दोन चॅनलचं इंटरफेस, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खोली अमळनेरातली साधीच, भिंतीला गाद्या लावलेल्या.

'टेलिफोन' नावाचं प्रीसेट (तयार सेटिंग) लावलं तर दाजी म्हणाले, "हा तर बँकेचा माणूस कर्ज पाहिजे का विचारतोय." मग गिटारचं डिस्टॉर्शन लावलं, तर नुसतं फसफसायला लागलं, माणूस गातोय असं वाटेचना. भोंग्याचा आवाज फाटलेला असतो, पण त्यात गाणारा दिसतो. तो कसा आणायचा?

कळण्याची_भाकरी
अख्खं गाव भोंगा बंद करा म्हणून बोंबलतंय आणि तुम्ही तो लॅपटॉपमध्ये बांधताय. धन्य!

मिक्सवाली_ताई
टेलिफोन प्रीसेट का चालत नाही ते आधी सांगते. जुन्या फोन लाईनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (छोटा आकडा म्हणजे खालचा, जाड सूर; मोठा म्हणजे वरचा, बारीक) एवढंच जातं. प्रीसेट तेवढं ठेवून दोन्ही बाजू छाटतं आणि थांबतं. भोंगाही ३०० च्या आसपासपासून खालचं गाळतो, पण वर सहा-सात हजारापर्यंत बऱ्यापैकी जातो. शिवाय मधल्या पट्टीत त्याची स्वतःची दोन-चार टेकाडं (जिथे आवाज जास्त उठतो अशा जागा) असतात, दीड-तीन हजाराच्या आगेमागे. कानात घुसतं ते तेच. फोनमध्ये ही टेकाडं नाहीत आणि तो फाटतही नाही.

डिस्टॉर्शन फसफसतं त्याचं कारण क्रम. पुरुषाच्या आवाजात सगळ्यात जास्त ताकद खाली असते. पूर्ण आवाज तसाच क्लिप केलात (लाटेची टोकं कापून फाडलात) तर खालचा भागच सगळी जागा खातो आणि वरचे शब्द त्याच्याखाली चिरडतात. म्हणून:

आधी कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहानाच्या जवळ आणणारा), जरा निर्दयपणे. मग ४०० च्या खालचं कापा आणि दीड हजारापाशी पाच-सहा डीबी (आवाजाच्या ताकदीचं माप) उचला. मग क्लिप करा. क्लिप झाल्यावर वर नवीन हार्मोनिक्सचं (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांचं) जंगल उगवतं, ते पाच हजारापाशी उताराने छाटा, एका सप्तकाला २४ डीबी इतका उतार चालेल. शेवटी अरुंद टेकाडं दोन, एक १८०० ला आणि एक २८०० ला. आकडे कानाने हलवा.

क्लिपरमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचं (जास्त बारीक हिशोबाने काम करायचं) बटण असेल तर चालू ठेवा. नाहीतर डिजिटल किरकिर येते, ती भोंग्याची नाही.

बोरीकाठचा
ताई, हे आज रात्रीच लावतो. कापल्यावर मूळ सूरच गेला तर दाजींचा आवाज बारीक नाही का होणार?

मिक्सवाली_ताई
होत नाही. दाजी खालच्या पट्टीत गायले तर मूळ सूर भोंग्यातूनही जवळजवळ येत नाहीच. कान वरच्या हार्मोनिक्सवरून तो आपोआप भरून काढतो. म्हणून तर दोन शेतं पलीकडून कोण गातंय ते ओळखू येतं.

निवृत्त_मंडपवाला
काय भो, घरमा भोंगा बांधी ऱ्हायना का?

पारोळ्याकडे आयुष्यभर मंडप आणि साऊंड केला, म्हणून चार गोष्टी सांगतो. ताईचं बरोबर आहे, पण फाटणं एका ठिकाणी होत नाही. तीन ठिकाणी होतं.

पहिलं माईकपाशी. गावातला गाणारा माईक आधी टकटक करतो, मग फुंकतो, मग दाताला लावून गातो. अँप्लिफायरचा माईकचा खटका आधीच अर्ध्याच्या वर असतो, कारण आधी सरपंच बोलून गेलेले असतात आणि ते माईकपासून हातभर लांब उभे राहून बोलतात. म्हणजे आवाज आत शिरतानाच फुटला. दुसरं, अँप्लिफायर स्वतः. तीस वॅटच्या डब्यावर चार कर्णे आणि वरून यजमान म्हणतो, "आबा, अजून वाढवा, पलीकडच्या गल्लीत जात नाही." तिसरं, १०० व्होल्टची लाईन. प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला खालचा आवाज झेपत नाही. आणि कर्ण्यामागच्या युनिटचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा, पडदा. जुना पडदा कडेला चिरला की एका ठरावीक सुरावर झर्र करतो, बाकी सुरांवर ठीक. ती झर्र गायकाला कधी कळत नाही, आम्हाला लांबून कळते.

आणि माईकला बांधलेला रुमाल विसरू नका. वाऱ्यासाठी बांधतात, पण दोन घड्या जास्त झाल्या की वरचं सगळं मरतं.

मिक्सवाली_ताई
आबा, हे सोनं आहे. म्हणजे एकच क्लिपर जोरात लावण्याऐवजी तीन ठिकाणी थोडं थोडं फाडायचं आणि मध्ये प्रत्येक वेळी फिल्टर. त्याने आवाज दाट होतो, फसफसत नाही. एका ठरावीक सुरावरच्या झर्रसाठी: त्या सुराभोवतीची अरुंद पट्टी वेगळी काढून तेवढीच जास्त क्लिप करायची आणि मूळ आवाजात हळूच मिसळायची. उद्या करून बघतेच.

सूरपेटी
मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. चांगला गळा आहे, चांगला माईक आहे, मग मुद्दाम खराब का करायचं? जुन्या लोकांना पर्याय नव्हता. १९०२ साली गौहर जान यांनी कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा कर्ण्यात तोंड घालून ओरडून गावं लागलं. त्यांच्या हातात आजचा माईक दिला असता तर त्यांनी आधी तो कर्णा बाहेर फेकला असता.

मिक्सवाली_ताई
भाऊ, उदाहरण चांगलं दिलंत, पण ते तुमच्याविरुद्धच जातं. १९२५ पर्यंतची रेकॉर्डिंग बिनविजेची होती. माईक नाही, अँप्लिफायर नाही. कर्ण्यातून आवाज थेट सुईपर्यंत. त्यात पट्टी अरुंद आहे, कर्ण्याचा स्वतःचा घुमारा आहे, ओरखडे आहेत, पण अँप्लिफायर कोंबून फाडलेला तो आवाज नाही. गौहर जान यांची तान त्या खरखरीतूनही सुटी सुटी ऐकू येते. 'जुना आवाज' म्हणून सगळं एका पोत्यात भरलं की गडबड होते.

सूरपेटी
मुद्दा मान्य. तरी माझा गळा असता तर मी नसता फाडला.

कळण्याची_भाकरी
नाना, तुमचा गळा आम्ही गेल्या संमेलनात ऐकलाय. तो आधीच तयार आहे. ह.घ्या.

कॅसेटवाला_धुळे
एवढं कशाला? घरात जुना टेप असेल तर दाजींचा आवाज लाल काट्याच्या पुढे भरून घ्या आणि परत लॅपटॉपमध्ये घ्या. टेप गोलाईने फाडते. लग्नातल्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी आठवा, तो आवाज डोक्यात बसलेला आहे.

बोरीकाठचा
कॅसेटचा आवाज आवडतो, पण मला गाणं 'आत्ता चालू आहे' असं हवंय. कॅसेट म्हटली की कुणीतरी वाजवतंय असं वाटतं.

मिक्सवाली_ताई
बरोबर पकडलंत. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर पळते. रबरी रोलर जरा घासला, पट्टा सैल झाला की वेग डळमळतो आणि सूर हलतो. कान तो हालणारा सूर ऐकला की लगेच 'रेकॉर्ड केलेलं' असं ठरवतो. भोंग्यात आवाज कितीही फाटो, सूर हलत नाही. म्हणून लो-फायच्या (मुद्दाम जुनाट आवाज करणाऱ्या) प्लगिनमधलं 'वॉबल', म्हणजे सूर डळमळवणारं बटण, शून्यावर ठेवा. तसंच बिटक्रशर, म्हणजे आवाजाच्या डिजिटल पायऱ्या कमी करणारं प्लगिन, तेही नको. आठ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, सँपल रेट खाली आणला की सुराशी नातं नसलेले धातूचे आवाज घुसतात. तो बटणाच्या मोबाईलचा आवाज.

भुसावळ_जंक्शन
माझा शॉर्टकट. खरा भोंगा कुठून तरी उसना आणा, त्यातून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एकच सूर (साईन स्वीप) वाजवा, माईकने टिपा आणि त्यावरून इम्पल्स, म्हणजे भोंग्याच्या आवाजाचा ठसा, काढा. रीपरसोबत येणारं रीव्हर्ब प्लगिन ते उघडतं. मग भोंगा परत करा, आवाज कायमचा तुमच्याकडे. मी स्टेशनवरच्या घोषणेसारखा आवाज असाच केला होता, मित्राच्या वाढदिवसाच्या व्हिडिओसाठी. 'यात्रीगण कृपया ध्यान दे' ऐकून त्याची आई उठून बॅग शोधायला लागली.

मिक्सवाली_ताई
हाहाहा! एकच दुरुस्ती: इम्पल्समध्ये भोंग्याची टेकाडं, घुमारा, उतार सगळं येतं, फाटणं येत नाही. म्हणून स्वीप वाजवताना आवाज बेताचा ठेवायचा, भोंगा फाटू द्यायचा नाही. फाटण्याचं काम आधी क्लिपरकडून करून घ्यायचं आणि त्याच्यापुढे इम्पल्स लावायचा. उलटा क्रम केलात तर स्वच्छ भोंग्याला नंतर फाडल्याचा आवाज येईल, ते कान ओळखतो.

तापीकाठची
मी सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणापासून जाते. तिथला भोंगा आठवला की मला फाटणं नाही, दोनदा ऐकू येणं आठवतं. इकडच्या खांबावरून एकदा, तिकडच्या खांबावरून थोडं नंतर, आणि मध्ये घोडेवाल्यांचा कालवा. तुमच्या सगळ्या फिल्टरमध्ये हे कुठे आहे?

भुसावळ_जंक्शन
हे मस्त! हिशोब सोपा आहे. २० अंशाला आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दुसरा भोंगा शंभर मीटर जास्त लांब असेल तर तो सुमारे २९० मिलिसेकंद मागे. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ४० अंशाला तोच वेग ३५५ च्या आसपास जातो, म्हणजे २८२. सारंगखेड्याची यात्रा दत्त जयंतीला, थंडीत असते म्हणून २९० ला चिकटा.

कळण्याची_भाकरी
जळगावच्या मे महिन्यात आवाजसुद्धा सावलीकडे पळतो, हे सिद्ध झालं.

मिक्सवाली_ताई
तापीकाठची, यात तू धागाकर्त्याचा अर्धा प्रश्न सोडवलास. डिले (आवाज उशिरा परत वाजवणं) एकच, परतफेड (फीडबॅक) शून्य, म्हणजे आवाज एकदाच परत येईल. पण दुसरा आवाज पहिल्याची नक्कल नको. लांबून येताना वरचं अजून जातं, म्हणून त्याला अडीच-तीन हजारापाशीच छाटायचा, आठ-दहा डीबी खाली ठेवायचा आणि डावी-उजवी बाजू बदलायची.

निवृत्त_मंडपवाला
दोन खांबांचा इको वेगळा आणि अँप्लिफायरवरचा इकोचा खटका वेगळा. गाणाऱ्याला तो खटका फार प्रिय. "आबा, थोडा इको मारा ना." मारला की त्याला वाटतं आपण मोठे गायक. तो इको आधी आणि भोंगा नंतर, म्हणजे इकोसुद्धा फाटलेलाच येतो. खांबांचा इको भोंग्याच्या पुढचा, तो आणखी फाटत नाही. घरी करताना हे उलटंपालटं करू नका.

कॅसेटवाला_धुळे
मग खरा भोंगाच का नको? मी एकदा कपाटात ठेवून, वर गोधड्या टाकून केलं आहे. आधी गायलेला आवाज त्यातून वाजवायचा आणि माईकने परत टिपायचा. एकदम खरा.

भुसावळ_जंक्शन
करायला हरकत नाही, पण तीन गोष्टी. भोंगा फार थोड्या वॅटवर प्रचंड ओरडतो, एका वॅटला एक मीटरवर शंभर डीबीच्या वर. खोलीत कान त्याच्या तोंडापुढे नेऊ नका. दुसरं, खालचं कापूनच पाठवा. कर्ण्याच्या मर्यादेखालचा आवाज पडद्याला नुसता हलवतो, युनिट जातं. तिसरं, माईक मीटरभर लांब असेल तर टिपलेला आवाज तीन मिलिसेकंद मागे पडतो. मूळ आवाजात मिसळणार असाल तर तो पुढे सरकवून जुळवा, नाहीतर मधले मधले सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो.

कळण्याची_भाकरी
चौथी गोष्ट. रात्री १० ते सकाळी ६ बंद. नियम २००० सालापासून आहे, शेजाऱ्याला पाठ असतो.

तापीकाठची
मी मोबाईलने टिपला तर चालेल का, भोंगा यात्रेत वाजत असताना?

मिक्सवाली_ताई
वातावरणासाठी चालेल. आवाजाच्या नमुन्यासाठी नको. फोन स्वतःच आवाज वरखाली करतो आणि गोंगाट म्हणून बरंच काही पुसतो. भोंगा थांबला की मागचा कालवा हळूच फुगत वर येतो, तो फोनचा खेळ.

सूरपेटी
एक भाबडा प्रश्न. हम्म असा आवाजही घालायचा ना? भोंगा चालू केला की गाण्याआधी येतो तो.

निवृत्त_मंडपवाला
घाला, पण कॉम्प्युटरवर मिळतो तो गुबगुबीत हम्म नको. लाईनची वीज ५० हर्ट्झची, पण भोंग्यातून ५० कुठून येणार? येते ती वरची करकर. अर्थिंग नीट नसलं की बारीक, टोकदार. गाणारा माईकच्या दांड्याला हात लावतो आणि ती बदलते. कुणी लक्ष दिलंय का याच्याकडे? मी रोज ऐकायचो.

मिक्सवाली_ताई
म्हणजे हम्म भोंग्याच्या साखळीच्या *आधी* घालायचा, कॉम्प्रेसरच्याही आधी. मग गाणारा थांबला की ती करकर आपोआप वर येईल आणि गायला लागला की दबेल. आबा, तुम्ही मोबदला घ्यायला हवा.

निवृत्त_मंडपवाला
शेवभाजी पाठवा. झणझणीत. पुण्याची नको.

पुणेरी_मिक्स
हे कशाला मध्ये?

निवृत्त_मंडपवाला
मी नाव कुठे घेतलं भाऊ, पाकीट बघा, साखर लिहिलेली असते.

(इथून शेवभाजीवरचे काही प्रतिसाद संपादकांनी 'खाऊगल्ली' विभागात हलवले आहेत.)

बोरीकाठचा
मूळ विषयावर येतो. ताईंचा क्रम, आबांच्या तीन जागा, २९० चा डिले, करकर, सगळं लावलं. दाजी ऐकून म्हणाले, "आता मंडपात बसल्यासारखं वाटतंय." पण एक अडचण. पहिल्या दोन ओळींतले शब्दच कळत नाहीत. आमच्या गावात चालेल, पण गाणं नाशिककडच्या लोकांनीही ऐकावं असं वाटतं.

कळण्याची_भाकरी
नाशिककडच्यांना स्वच्छ आवाजात तरी अहिराणी कळेल का?

पुणेरी_मिक्स
अहिराणी नाही कळत, पण मिक्स कळतं. शब्द व्यंजनांत असतात, क, त, ट, च. त्यांची ताकद कमी आणि जागा वर. क्लिपिंगमध्ये स्वर फुगतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली जातात. दाजींचा स्वच्छ आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घ्या, दोन हजाराच्या खालचं कापा, वरचं पाच-सहा हजारापाशी संपवा, आणि भोंग्याखाली दहा-बारा डीबी कमी ठेवून मिसळा. सगळ्या कडव्यात नको, जो शब्द हरवतो तिथेच उचला. 'स' आणि 'श' टोचत असतील तर डी-एसर (टोचणारा 'स' दाबणारं प्लगिन) क्लिपरच्या आधी, नंतर लावून उपयोग नाही, फाटलेला 'स' पसरून जातो.

मिक्सवाली_ताई
सहमत, आणि यांचं कौतुक म्हणजे मोठी गोष्ट. फक्त एक: शक्य असेल तर पहिलं कडवं परत गाऊन घ्या. आत्ता दाजी स्वच्छ माईकसाठी गायलेत, हळुवार. भोंग्यावरचा माणूस मागच्या रांगेसाठी गातो, शब्द तोडून, ओळीचा शेवट लांबवून. प्लगिन ओरडत नाही, माणूस ओरडतो. माईक ओठाला लावा, गेन (माईकची पातळी) कमी करा आणि दाजींना शेजारच्या गल्लीसाठी गायला सांगा.

बोरीकाठचा
उद्या शेजारी लग्नाला जाणार आहेत, तेव्हाच घेतो.

अजून एक. धृपदाला आई, मावशी आणि दोन वहिन्या आहेत, सोबत डफ. सगळ्यांचे वेगवेगळे ट्रॅक आहेत. प्रत्येकीवर हीच साखळी लावायची का?

पुणेरी_मिक्स
वेगवेगळी लावलीत तर सगळं नीट सुटं ऐकू येईल.

मिक्सवाली_ताई
आणि म्हणूनच खोटं वाटेल. मंडपात चौघींना एकच माईक असतो. दोन सूर एकाच क्लिपरमधून गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूर आपोआप तयार होतात. ३०० आणि ४०० एकत्र फाडले तर १०० आणि ७०० कुणी न गाताही तयार होतात. १०० भोंगा खातो, ७०० बाहेर येतो. बायकांच्या धृपदाला भोंग्यावर जी एक खडबडीत कड येते ती इथली. चौघींचे ट्रॅक आधी एकत्र करा, मग साखळी एकदाच.

पुणेरी_मिक्स
आणि डफ? तो त्याच क्लिपरमध्ये गेला तर प्रत्येक थापेला बायकांचा आवाज दबणार.

निवृत्त_मंडपवाला
दबतोच. वही (खानदेशातला लोकगीताचा प्रकार) गाणारे डफ माईकच्या इतका जवळ धरतात की थाप पडली की आवाज गेला, थाप सुटली की आला. ते खरं. पण डफवाला मागे उभा असतो, म्हणून डफ बायकांच्या निम्म्यानेच पाठवा. आणि मावशी कोणती, जी सगळ्यांच्या आधी ओळ सुरू करते ती का?

बोरीकाठचा
तीच. आबा, तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_मंडपवाला
प्रत्येक मंडपात एक असते. तिला माईकच्या मधोमध उभी करा, बाकीच्या तिच्यामागे येतात.

मिक्सवाली_ताई
म्हणजे मावशीचा ट्रॅक बाकीच्यांपेक्षा तीन-चार डीबी वर, आणि तिची आधीची सुरुवात एडिट करून सरळ करू नका.